जपानी छापचित्र विकायचंय? आधी उलटं करून बघा

"याचे किती येतील?" आजोबांच्या परदेशवारीच्या ट्रंकेतून किंवा अमेरिकेत शेजारच्या गॅरेज सेलमधून जपानी छापचित्र हाती लागलं की पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न साहजिक आहे, पण तो फार लवकर विचारला जातो. हातातला कागद नेमका काय आहे हे ठरण्याआधी कोणी आकडा सांगितला, तर ती बाजारगप्पा समजावी.

मार्च 2023 मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात होकुसाई या जपानी चित्रकाराची ती जगप्रसिद्ध लाट 27 लाख 60 हजार डॉलरला गेली. तीच लाट, तोच मागचा चिमुकला फुजी पर्वत, टोकियोत आजही लाकडी ठशांवरून हाताने छापून मिळतो आणि त्याला शंभर-दोनशे डॉलर पुरतात. कॅलेंडरवरची लाट तर रद्दीत जाते. चित्र तिन्ही ठिकाणी एकच. म्हणजे पैसे चित्राचे मिळत नाहीत; तो विशिष्ट कागद कधी छापला, कोणत्या ठशावरून छापला आणि आज कोणत्या अवस्थेत आहे, याचे मिळतात.

इथे आपल्या मनातली एक सवय आड येते. राजा रवि वर्म्याची लक्ष्मी-सरस्वती आपल्याकडे घरोघरी पोहोचली ती मळवलीच्या छापखान्यातून, आणि मूळ तैलचित्र कुठल्या तरी राजवाड्यात आहे हे आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे "छापील म्हणजे नक्कल" हे डोक्यात पक्कं बसलंय. एदो काळातल्या, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या, उकियो-ए या लाकडी ठशांच्या चित्रांना हा हिशोब लागू पडत नाही. तिथे चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करायचा, तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवला जायचा आणि कोरणारा त्या रेषांच्या कडेने लाकूड काढत जायचा. यात रेखाटन संपून जायचं. मग प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, छापणारा वेगळा, आणि या सगळ्यांवर पैसे लावणारा प्रकाशक. थोडक्यात, मागे कुठे दडलेलं "मूळ चित्र" नसतंच. त्या ठशांवरून त्या काळी निघालेला प्रत्येक कागद मूळच.

आणि असे कागद भरपूर निघायचे. आजच्यासारखं "50 पैकी 12 वी प्रत" असं काही लिहिलेलं नसे. खप असेपर्यंत छापत राहायचं. 1842 च्या सरकारी निर्बंधांनुसार एका छापाची किंमत 16 मोनपेक्षा जास्त ठेवता येत नव्हती. म्हणजे एक वाडगा सोबा नूडल्सच्या भावात एक चित्र. सामान्य माणसाने घ्यायचं, भिंतीवर डकवायचं, फाटलं की नवं आणायचं.

ठसा लाकडाचा, त्यामुळे तो झिजतो. बारीक रेषा आधी जाड होतात, मग तुटतात. होकुसाईच्या लाटेच्या उशिराच्या छापांमध्ये शीर्षकाच्या चौकटीच्या रेषा तुटलेल्या दिसतात, आणि अशा तुटीवरूनच अभ्यासक कोणता छाप आधीचा, कोणता नंतरचा, ते लावतात. शिवाय खर्च वाचवायला प्रकाशक पुढच्या खेपांत एखादा रंग गाळायचा, आकाशातली हलकी उतरती छटा, जिला बोकाशी म्हणतात, ती घाईत उरकायचा. त्यामुळे एकाच ठशावरून निघालेल्या, एकाच काळातल्या दोन छापांमध्येही दहापट भावफरक पडू शकतो. नवख्या माणसाला तो फरक दिसतही नाही. म्हणूनच जाणकाराकडे जायचं. पण त्याआधी घरी करण्यासारखं बरंच आहे.

कागद फ्रेमबाहेर सहज येत असेल तर तो उलटा करा. हाताने छापताना ओलसर कागद ठशावर ठेवून त्याच्या पाठीवर बारेन नावाची, बांबूच्या पानात गुंडाळलेली चकती दाबून फिरवतात. रंग नुसता वर बसत नाही, धाग्यांत मुरतो. म्हणून चित्र मागूनही पुसटसं दिसतं, आणि कागद उजेडात तिरपा धरला तर चकती फिरल्याच्या गोलसर खुणा दिसू शकतात. मग पुढून दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा, घड्याळजी वापरतात तसं. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे रंगीत ठिपके ओळीने दिसले, तर विषय संपला. ते यंत्रावर छापलेलं पोस्टर आहे. फ्रेम चांगली असेल तर फ्रेमचे पैसे येतील.

ठिपके नाहीत, पाठीवर रंग आहे, तर लाकडी ठशाचं काम आहे इतकं कळलं. अजून हुरळून जाऊ नका. विसाव्या शतकात जपानमध्ये जुन्या गाजलेल्या चित्रांचे ठसे नव्याने कोरून अतिशय सुबक छाप काढले गेले. अदाची, ताकामिझावा, उन्सोदो ही त्यातली मोठी नावं. यात फसवणूक काही नाही. त्यांचा उद्देशच लोकांना स्वस्तात चांगलं चित्र मिळावं हा होता, आणि पुष्कळदा समासात किंवा सोबतच्या कागदी पाकिटावर छापणाऱ्याचं नाव असतं. पंचाईत होते ती पाकीट हरवल्यावर, समास फ्रेमवाल्याने कापल्यावर. परदेशी पाहुण्यांनी 1950-60 च्या दशकांत जपानहून भेट म्हणून आणलेली हिरोशिगे-उतामारो या जुन्या चित्रकारांची बरीच चित्रं या जातीची निघतात.

मग ओळखायचं कसं? अंगठ्याएवढे लाल-काळे शिक्के बघा. एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, सरकारचा छापील मजकुरावर पहारा असे. 1790-91 पासून 1842 पर्यंत चित्रावर "किवामे", म्हणजे तपासून पास, असा छोटा गोल शिक्का येतो. त्यानंतर दहाएक वर्षं तपासनिसांच्या नावांचे शिक्के, आणि 1850 च्या दशकापासून थेट वर्ष-महिना सांगणारे शिक्के. वर्ष बारा प्राण्यांच्या चक्रात: उंदीर, बैल, वाघ, ससा असं. हिरोशिगेच्या "एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं" या मालिकेतलं पुलावरच्या पावसाचं चित्र सर्पवर्षातलं, 1857 चं. व्हॅन गॉगने 1887 मध्ये तैलरंगात उतरवलं ते हेच. 1870 च्या दशकात ही शिक्क्यांची पद्धत बंद झाली आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता समासात छापायची सक्ती आली.

एक खोच मात्र लक्षात ठेवा. नव्याने ठसा कोरणाऱ्याने चित्राबरोबर शिक्काही तसाच कोरलेला असतो. त्यामुळे 1857 चा शिक्का "मी 1857 च्या आधीचा नाही" एवढंच सांगतो. नंतरचा किती, ते कागद सांगतो, रंग सांगतात, सेंटिमीटरचं माप सांगतं. ओबान हा नेहमीचा आकार सुमारे 39 बाय 26 सेंटिमीटरचा. जुने कागद बहुधा मऊ, किंचित पिवळसर, थोडे कापलेले. दीडशे वर्षांपूर्वीचा म्हणवणारा कागद पांढराशुभ्र, जाडसर आणि चारी समास कोरे करकरीत असा समोर आला, तर माझी भुवई वर जाते.

ओळख पटवायला इंटरनेटवर सोन्यासारखी सोय आहे. जॉन रेसिग या प्रोग्रॅमरने उभारलेल्या उकियो-ए डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर मोबाइलने काढलेला फोटो चढवला की जगभरच्या संग्रहालयांतल्या दोन लाखांहून अधिक छापचित्रांशी तो जुळवून दाखवला जातो. बोस्टनचं ललित कला संग्रहालय, ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन संग्रहालय, यांचे छाप शेजारी ठेवून आपला कागद ताडून बघता येतो. रेषेगणिक बघा. ढगाची कड वेगळी वळली असेल, अक्षराचा एखादा फराटा वेगळा असेल, तर ठसा वेगळा. चित्रकाराचं नावही कळतं, आणि इथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. कारण घरात सापडणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांमध्ये कुनिसादाचे काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी नाटकातले, नट फार. या माणसाने हजारोंनी चित्रं काढली. चित्र अस्सल, दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं, तरी सुटा नट बाजारात शंभर-दोनशे डॉलरांतच घुटमळतो. त्यातून ते तीन कागदांच्या चित्रातलं एकच पान असेल, तर शेजारची दोन हरवल्याचा दंडही बसतो. जुनं म्हणजे महाग, हे समीकरण इथे चालत नाही.

उलट, विसाव्या शतकातलं "नवं" काम पुष्कळदा भाव खातं. वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने जुनी पद्धत नव्या चित्रकारांना जोडून दिली, तिला शिन-हांगा म्हणतात. चित्रकार कावासे हासुईचा बर्फ, पाऊस, चांदणं यातलंच. 1 सप्टेंबर 1923 च्या कांतो भूकंपात आणि आगीत वातानाबेचं दुकान ठशांसकट जळालं, म्हणून हासुईचे त्याआधीचे छाप दुर्मिळ. नंतरच्या चित्रांचे ठसे टिकले आणि हासुई 1957 मध्ये वारल्यावरही छपाई चालू राहिली. कोणता छाप कधीचा, ते समासातल्या किंवा चित्राच्या कोपऱ्यातल्या प्रकाशकाच्या शिक्क्यावरून ठरतं. उभट चौकटीतली अक्षरं असतील तर बहुधा युद्धापूर्वीचा, सहा मिलिमीटरचा गोल शिक्का असेल तर युद्धानंतरचा. नखाएवढ्या शिक्क्याने किंमत दुप्पट-चौपट होते किंवा घसरते, म्हणून फ्रेम करताना तो कोपरा कापणाऱ्याला मी मनातल्या मनात काय म्हणतो ते लिहीत नाही.

योशिदा हिरोशी हा चित्रकार आपल्या अधिक जवळचा. 1930 च्या शेवटी तो मुलगा तोशीला घेऊन भारतात आला आणि परतल्यावर 1931-32 मध्ये त्याने भारत आणि आग्नेय आशियाची मालिका काढली. तिच्यात ताजमहाल आहे, बनारसचा घाट आहे, आणि अजिंठा-वेरूळही आहे. योशिदा स्वतःच प्रकाशक. ज्या छापावर त्याची स्वतःची देखरेख होती त्याच्या डाव्या समासात "जिझुरी", म्हणजे स्वतः छापलेलं, ही दोन चिन्हं शिक्क्याने उमटवलेली असतात, आणि खाली पेन्सिलीने इंग्रजी सही. त्याच्या मृत्यूनंतरच्या छापांत जिझुरी नसते आणि सही छापील असते. भिंगाखाली पेन्सिलीचा शिशाचा चकाकता कण दिसतो का, एवढं बघितलं तरी अर्धी परीक्षा झाली.

आता अवस्था. छापचित्रांचा पहिला शत्रू उजेड. करडईच्या फुलांपासून केलेला तांबडा आणि एका रानफुलापासून केलेला जुना निळा उन्हात उडून जातात. जांभळा तर या दोघांच्या मिश्रणाचा, त्यामुळे त्याचा मातकट तपकिरी होतो. बोस्टनच्या स्पॉल्डिंग बंधूंनी 1921 मध्ये आपली सुमारे साडेसहा हजार छापचित्रं संग्रहालयाला दिली ती एकाच अटीवर: कधीही प्रदर्शनात लावायची नाहीत. शंभर वर्षांनी त्या संग्रहातले रंग जगात सर्वांत ताजे मानले जातात. दिवाणखान्यात पूर्वेच्या खिडकीसमोर तीस वर्षं टांगलेल्या चित्राचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून करा.

बाकी दुखणी ओळखीचीच: कसर लागून पडलेली भोकं, दमट हवेने आलेले तांबूस ठिपके, मधोमध घडी, पाठीला डिंकाने चिकटवलेला पुठ्ठा. यातलं काहीही घरी दुरुस्त करायला जाऊ नका. खोडरबर नको, ओला कापूस नको, सेलोटेप तर मुळीच नको. कागद पुठ्ठ्याला चिकटलेला असेल तर तसाच न्या. कागद-संवर्धक तो सोडवू शकतो, आणि तेवढा खर्च करण्यालायक चित्र आहे का, हेही आधी ठरलं पाहिजे.

आणि फार उजळ रंग दिसले तरी संशय घ्यावा. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट हा जपानी छापचित्रांचा मोठा संग्राहक आणि विक्रेताही होता. 1920 च्या सुमारास त्याने न्यूयॉर्कच्या संग्राहकांना विकलेल्या काही चित्रांवर फिकट रंगांच्या जागी नवे ठसे कोरून पुन्हा रंग छापल्याचं उघड झालं. कागद नेमका त्याच जागी बसवण्यासाठी टोचलेल्या टाचण्यांच्या बारीक भोकांनी बिंग फोडलं. जपानमधल्या विक्रेत्यांनी आपल्यालाच फसवलं असं राइटचं म्हणणं होतं, पण पैसे परत करण्याची आणि नाव खराब होण्याची वेळ त्याच्यावर आली. इतकी वर्षं या व्यवहारात मुरलेला माणूस फसू शकतो, तिथे आपण फोटो बघून छातीठोक बोलू नये.

मूल्यांकनाकडे येऊ. "किंमत काढून द्या" असं म्हणताना कशासाठी, ते आधी सांगावं लागतं, कारण एकाच कागदाचे चार खरे आकडे असतात. विम्यासाठीचा आकडा सर्वांत मोठा: उद्या हरवलं तर तसंच दुकानातून आणायला किती लागतील. वाटणी, वारसा किंवा कर यांसाठीचा आकडा त्याहून खाली: खुल्या बाजारात खुशीने घेणाऱ्याने खुशीने विकणाऱ्याला किती दिले असते. लिलावाचा अंदाज आणखी सावध असतो, कारण बोली लावणाऱ्याला मोह पडायला हवा. आणि दुकानदार आज रोख किती देतो, तो सर्वांत लहान. सोनाराकडे दागिना मोडायला नेला की घडणावळ जाते, घट धरली जाते, तसंच. दुकानात हजाराला लावलेल्या चित्राचे दुकानदाराने तुम्हाला चारशे-पाचशे दिले तर तो लुबाडत नाही. त्याचे पैसे कदाचित तीन वर्षं अडकणार आहेत. विम्याचा कागद हातात धरून "यात तर हजार लिहिलंय" असं भांडणारे लोक दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी ताडत असतात.

लेखी मूल्यांकन करणाऱ्याने फी तासावर किंवा कामावर घ्यावी, किमतीच्या टक्क्यांवर घेऊ नये. आणि ज्याने किंमत काढली त्यानेच लगेच "मीच घेतो" म्हटलं तर हात आखडता घ्या. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. संग्रहालयाला दान देऊन पाच हजार डॉलरांहून जास्त करसवलत मागायची असेल, तर तिथल्या आयकर खात्याला पात्र तज्ज्ञाचं मूल्यांकन लागतं. पण नुसतं विकायचं असेल तर पैसे देऊन मूल्यांकन करवून घेण्याची बहुतेक वेळा गरजच नसते. ख्रिस्टीज, सदबीज, बॉनम्स ही लिलावगृहं फोटोवरून अंदाज फुकट सांगतात. पुढून, मागून, चारी समासांसह, प्रत्येक शिक्क्याचा जवळून, दिवसाच्या उजेडात, काचेबाहेर काढून असे फोटो पाठवा, आणि सेंटिमीटरमध्ये माप. खराब कोपरा लपवू नका. तो नंतर दिसतोच, आणि मग बाकीच्यावरही विश्वास उडतो.

मोठी लिलावगृहं काही हजार डॉलरांखालचा माल सहसा एकेकटा घेत नाहीत. ते नाही म्हणाले म्हणजे चित्र खोटं, असा अर्थ काढू नये. छोटी, जपानी कामात मुरलेली लिलावगृहं आणि दुकानं असतात. न्यूयॉर्कमध्ये मार्च आणि सप्टेंबरात आशियाई कलेचा आठवडा भरतो, तेव्हा खरे गिऱ्हाईक गावात असतात. टोकियोत कान्दा नावाच्या भागातल्या जिंबोचो या जुन्या पुस्तकांच्या पेठेत पिढ्यान्पिढ्या हेच विकणारी दुकानं आहेत. ओया शोबो तर 1882 पासूनचं.

लिलावाचा हिशोब आधी समजून घ्या. हातोडा हजार डॉलरला पडला तर घेणारा त्यावर साधारण पाव हिस्सा अधिक भरतो. तो लिलावगृहाचा. विकणाऱ्याच्या हजारातूनही दहा-पंधरा टक्के कमिशन कापलं जातं, वर फोटो, विमा, पाठवणी. हातात आठशेच्या आसपास, आणि तेही महिना-दीड महिन्याने. "याखाली विकू नका" अशी राखीव किंमत ठरवता येते, पण हावरेपणाने ती चढवली आणि बोली आली नाही, तर "विकलं गेलं नाही" ही नोंद इंटरनेटवर वर्षानुवर्षं राहते. पुढचा गिऱ्हाईक ती वाचून येतो.

दुसरा मार्ग दुकानदाराकडे विक्रीसाठी ठेवायचा. विकलं की तो आपला हिस्सा कापून उरलेले देतो. वेळ लागतो, पण रोखीपेक्षा जास्त मिळतात. किती महिने ठेवणार, किमान किती मिळणार, वाटेत खराब झालं तर कोण भरणार, हे लेखी घ्या. ईबेवर स्वतः विकणं शिन-हांगाच्या मधल्या दर्जाच्या चित्रांना ठीक जमतं, कारण तिथे चित्र विक्रीला मांडताना शिक्क्याचा फोटोच अर्धं काम करतो. मागे किती मागितले होते ते बघू नका, खरोखर विकले गेलेले भाव बघा. मागणारा काहीही मागतो.

चित्र भारतात असेल तर मात्र पार्सल बांधायच्या आधी थांबा. 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकृती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ती भारतातच घडलेली असावी अशी अट त्या व्याख्येत नाही, त्यामुळे हिरोशिगेचा कागदही त्यात येऊ शकतो. नव्या चित्रासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून "हे पुरावशेष नाही" असा दाखला घेऊन मगच पाठवावं, नाहीतर कस्टम्समध्ये अडकलेलं चित्र सोडवताना त्याच्या किमतीपेक्षा जास्त चपला झिजतात. भारतात या चित्रांना गिऱ्हाईक थोडे, म्हणून बाहेर पाठवण्याचा मोह होणारच. त्यातही तारीख बघून चाला. योशिदाने 1931 मध्ये काढलेली भारतातली छापचित्रं 2031 मध्ये शंभरीत जातील. त्यातलं एखादं पुण्या-मुंबईच्या भिंतीवर असेल, तर आजच्या कायद्याप्रमाणे ते तोवर दाखला घेऊन न्यूयॉर्कला जाऊ शकतं, त्यानंतर इथेच राहील.